नेट चालू, अ‍ॅप बंद

लिनक्सच्या संगणकावर एक प्रसंग वारंवार घडतो. ब्राउझर उघडतो, पाने दिसतात, टर्मिनलमध्ये पिंग केले तर उत्तरही येते; पण डेस्कटॉपवरचे एखादे अ‍ॅप्लिकेशन, मग ते मेलचे असो, गप्पांचे असो की फायली साठवण्याचे, हटून बसते आणि ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढेच सांगते. यावर दोन निकाल ठरलेले असतात. एक म्हणजे ‘नेट गेले असेल’, आणि नेट गेलेले नाही हे दिसल्यावर दुसरा, ‘लिनक्सचे असेच असते’. दुरुस्तीला बसलेला माणूसही मग केबल काढून लावणे, राउटर बंद-चालू करणे, अ‍ॅप पुन्हा टाकणे या क्रमाने जातो, आणि त्यातल्या कशाने काम झाले तर ते का झाले हे त्याला कळत नाही. बहुतेक वेळा अशा मशीनमध्ये काहीच मोडलेले नसते. एकाच प्रश्नाचे उत्तर देणारे दोन-तीन भाग तिच्यात शेजारी शेजारी नांदत असतात, ते वेगवेगळ्या दशकांत बसवलेले असतात, आणि ब्राउझर एकाला विचारतो तर अ‍ॅप दुसऱ्याला. वारसांची नावे चढत गेली पण जुने एकही नाव कमी झाले नाही, अशा सातबाऱ्यासारखी ही स्थिती आहे. म्हणून जोडणी का होत नाही हा प्रश्न जितका तंत्राचा, तितकाच इतिहासाचाही आहे.

डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनला सर्वात आधी जोडून घ्यावे लागले ते इंटरनेटशी नव्हे, समोरच्या पडद्याशी. १९८४ मध्ये एमआयटीत बॉब शेफलर आणि जिम गेटिस यांच्या हातून एक्स विंडो सिस्टिम आकाराला आली. तिच्यात पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा प्रोग्राम हा सर्व्हर, आणि खिडकी मागायला येणारे प्रत्येक अ‍ॅप हे त्याचे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक त्याच मशीनवर असेल किंवा इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. पडद्याचा पत्ता त्याने ‘डिस्प्ले’ नावाच्या एका व्हेरिएबलमधून घ्यायचा. पत्ता चुकला, रिकामा राहिला किंवा परवानगी नसली, की ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ ही ओळ उमटे. युनिक्सवर काम केलेल्या एका अख्ख्या पिढीची जोडणीच्या बिघाडाशी पहिली गाठ या ओळीने घालून दिली. लिनक्सच्या बाबतीत तर हे नाते आणखी जवळचे आहे. लिनस टॉरवाल्ड्सने कर्नल बाहेर काढला १९९१ मध्ये. पुढच्याच वर्षी ओरेस्ट झ्बोरोव्स्की यांनी एक्स लिनक्सवर आणले. एक्सला बोलायला सॉकेट लागतात आणि कर्नलमध्ये ते नव्हते, म्हणून त्यांनी तेही लिहिले. कर्नलमधल्या सॉकेटच्या फाइलीच्या माथ्यावर लेखकांत पहिले नाव त्यांचेच आहे. नेटवर्कवाल्या रॉस बिरो आणि फ्रेड व्हॅन केम्पेन यांची नावे त्यानंतर येतात. मार्च १९९२ मध्ये टॉरवाल्ड्सने आवृत्तीचा आकडा ०.१२ वरून एकदम ०.९५ वर नेला, कारण काम संपत आले असे त्याला वाटले होते. नेटवर्किंगने पुढची दोन वर्षे खाल्ली आणि १.० बाहेर पडायला मार्च १९९४ उजाडला. म्हणजे लिनक्समध्ये सॉकेट आला तो पडद्यासाठी. जग त्यातून नंतर आत शिरले.

हा तपशील केवळ गमतीचा नाही. पडद्याशी जोडणारी आणि दूरच्या सर्व्हरशी जोडणारी हाक एकच आहे, आणि ती फसली की मिळणारे नकारही एकाच यादीतले आहेत. ही यादी लिनक्सहून जुनी. १९८३ च्या ऑगस्टमध्ये बर्कलीहून निघालेल्या ४.२ बीएसडीपासून ती चालत आली. लिनक्समध्ये तिला आकडे आहेत: १०१ म्हणजे त्या जाळ्याकडे जायला रस्ताच नाही, ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली, १११ म्हणजे जोडणी नाकारली. बोलण्यात आपण तिन्ही एकाच मापाने मोजतो, पण त्यांचे अर्थ फार वेगळे आहेत. १११ आला तर घर सापडले, कोणीतरी आतून ‘इथे नाही’ असे स्पष्ट सांगितलेही. नेट उत्तम चालू आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम बसलेला नाही, किंवा मधल्या फायरवॉलने नकार कळवण्याइतकी सभ्यता दाखवली आहे. ११० मध्ये हाक गेली आणि शांतता परत आली. हे लक्षण पाकीट गुपचूप टाकून देणाऱ्या फायरवॉलचे, किंवा चुकीच्या पत्त्याचे. कर्नल हे सारे नेमके सांगतो. ते हरवते ते अ‍ॅपमध्ये, जिथे तिन्ही आकड्यांचा मिळून एक नम्र, निरुपयोगी निरोप तयार होतो. तो निरोप बाजूला सारून मूळ संवाद ऐकवणारे हत्यार एसट्रेस: पॉल क्रॅनेनबर्ग यांनी ते १९९१ मध्ये सनच्या युनिक्ससाठी लिहिले आणि ब्रँको लँकेस्टर यांनी लिनक्सवर आणले. अ‍ॅप कर्नलला काय विचारते आणि कर्नल काय उत्तर देतो, हे ते ओळीने छापत जाते. माहिती पहिल्यापासून मशीनमध्ये होती आणि आजही आहे, याचा याहून सरळ पुरावा नाही.

मग पहिला हात पिंगकडेच का जातो? कारण पिंग घडले त्या काळी प्रश्न वेगळा होता. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी नेटवर्कच्या एका विचित्र वागण्याचा छडा लावण्यासाठी पिंग लिहिले, एका संध्याकाळच्या बैठकीत. नाव घेतले पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतराचा दुवा सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्या गर्दीचे कोडे सोडवणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनीच पुढच्या एक-दोन वर्षांत ट्रेसरूट लिहिले, आणि क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांच्यासोबत टीसीपीडंप. ही सगळी हत्यारे रस्ता मोजणाऱ्यांनी, रस्ता मोजण्यासाठी घडवली. ज्या काळात रस्ताच बेभरवशाचा होता त्या काळात रस्ता आधी पाहणे शहाणपणाचेच होते. आज मात्र पिंगचे उत्तर फार थोडे सांगते. पिंग ज्या निरोपावर चालते त्यात पोर्ट नसतो, प्रमाणपत्र नसते, प्रॉक्सी नसतो. अ‍ॅपच्या वाटेतल्या या नाक्यांपैकी एकही ते ओलांडत नाही. उलट अनेक सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत आणि तरी ठणठणीत चालू असतात. पत्रिका जुळली म्हणजे संसार चालेल असे मानावे, तसा हा पिंगवरचा विश्वास आहे.

‘मशीन जोडलेले आहे’ या वाक्याचा अर्थही काळाबरोबर सरकला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा स्वस्तातले खाते मिळे ते शेल खाते. मोडेमने फोन लावून आपण निगमच्या संगणकावर पोहोचायचो. इंटरनेटवर असायचा तो संगणक, आपला नव्हे. घरचे यंत्र नुसता पडदा आणि कीबोर्ड. तिथून पिंगला उत्तर आले असते तरी घरच्या मशीनवरच्या चित्रमय ब्राउझरला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याला स्वतःचा पत्ताच नव्हता. नाइलाजाने अक्षरांचा ब्राउझर, अक्षरांचा मेल. मुंबई-पुण्यातल्या ज्या लोकांनी त्या काळी लिनक्स हाताळले, त्यांना ‘लाइन लागली आहे’ आणि ‘माझा प्रोग्राम जोडला गेला आहे’ यांतला फरक कोणी वेगळा शिकवावा लागला नसेल. पुढे कायमची जोडणी आली आणि तो फरक विस्मरणात गेला. नाहीसा मात्र झाला नाही.

थर सर्वांत दाट साचले आहेत ते नावांच्या प्रश्नाभोवती. अर्पानेटच्या काळात प्रत्येक संगणकाचे नाव आणि पत्ता एकाच फाइलीत असे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची तुकडी ती सांभाळी आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली, फाइल पुरेना, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला: एक फाइल नको, उतरंडीने वाटलेली नोंदवही हवी. पण जुनी फाइल गेली का? नाही. होस्ट्स या नावाने ती आजही प्रत्येक लिनक्स मशीनवर आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी वाचली जाते. कोणी चार वर्षांपूर्वी चाचणीसाठी तिच्यात एक ओळ लिहून ठेवली असेल, तर अ‍ॅप निमूटपणे त्या मृत पत्त्यावर जाते. मग आधी कोणाला विचारायचे हे ठरवायला आणखी एक फाइल आली, एनएसस्विच. ही पद्धत सनच्या सोलारिसवर रुळली होती, ती ग्नूच्या सी लायब्ररीने उचलली. डीएनएसचा सर्व्हर कोणता हे रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीत. वायफाय आणि व्हीपीएन आल्यावर ही फाइल घटकाघटकाला बदलू लागली, म्हणून नेटवर्कमॅनेजरने तिचा ताबा घेतला. उबुंटूने २०१२ मध्ये मशीनच्या आतच एक छोटा मध्यस्थ बसवला, १२७.०.१.१ वर, पुढे त्याची जागा सिस्टिमडी-रिझॉल्व्हडने घेतली, १२७.०.०.५३ वर, आणि फेडोरानेही २०२० च्या ३३ व्या आवृत्तीत तोच मार्ग धरला.

याचा व्यवहारातला परिणाम पाहा. डिग ही आज्ञा रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचते आणि थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. होस्ट्स आणि एनएसस्विच तिच्या गावीही नसतात. सी लायब्ररीवर बेतलेले अ‍ॅप मात्र एनएसस्विचच्या क्रमाने जाते. म्हणून डिगने पत्ता अचूक सांगितला तरी अ‍ॅपला तो मिळेलच असे नाही. अ‍ॅपच्या वाटेने विचारायचे तर गेटेन्ट वापरावे लागते. त्यातही गो भाषेतले कित्येक प्रोग्राम नावाचा शोध स्वतःच्या कोडने घेतात. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसवरून डीएनएस विचारण्याची सोय चालू असेल, तर तो या साऱ्या उतरंडीला वळसा घालून निघून जातो. ‘ब्राउझर चालतो, अ‍ॅप चालत नाही’ या तक्रारीत गूढ असे काही उरत नाही. दोघांनी वेगवेगळ्या तलाठ्याकडे चौकशी केली, इतकेच.

प्रॉक्सी आणि प्रमाणपत्रे यांची कथा याच घडणीची आहे. कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत बाहेर जाणारा रस्ता प्रॉक्सीतून जातो. त्याचा पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची रीत नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वेब लायब्ररीपासूनची. टर्मिनलमधले बहुतेक प्रोग्राम आजही ती पाळतात. ग्नोमने स्वतःची सेटिंगची जागा केली. जावाने स्वतःची. हे व्हेरिएबल शेलच्या फाइलीत लिहिले असेल तर टर्मिनलमधून सुरू केलेल्या अ‍ॅपला ते दिसते, आणि मेनूमधल्या चित्रावर क्लिक करून उघडलेल्या त्याच अ‍ॅपला बहुधा दिसत नाही. एकच अ‍ॅप, एकच मशीन, एकच वापरकर्ता, आणि दोन भिन्न निकाल. प्रमाणपत्रांचे गाठोडे डेबियन एका फोल्डरमध्ये ठेवते, रेड हॅट दुसऱ्या; फायरफॉक्स, जावा आणि नोड यांनी आपापली वेगळी बांधून आणलेली असतात. हे दुखणे जगाला एकदम दिसले ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी. लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीला जुन्या यंत्रांवर आधार देणारे एक मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी मुदत संपून बाद झाले. नवे मूळ प्रमाणपत्र गाठोड्यात असूनही ओपनएसएसएलची १.०.२ ही जुनी आवृत्ती मुदत संपलेल्या वाटेवरच अडून बसली, आणि तिच्यावर बेतलेली अ‍ॅप्स एका दिवसात मुकी झाली. ब्राउझर मात्र शेजारीच सुखाने चालत होते. त्या दिवशी पिंग करणाऱ्यांना उत्तरे व्यवस्थित मिळत होती. (जाता जाता: मशीनचे घड्याळ चुकले तरी प्रमाणपत्र खोटे ठरते, आणि रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या कित्येक पिढ्यांत विजेविना चालणारे घड्याळच नव्हते. ‘जोडणी नाही’ याचे कारण तारीख असू शकते, हे सहसा शेवटी सुचते.)

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: हा सारा लिनक्सच्या बेशिस्तीचा परिणाम, जिथे मालक एक आहे तिथे असे होत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. विंडोजमध्येही वेबशी बोलणाऱ्या विनआयनेट आणि विनएचटीटीपी अशा दोन लायब्ऱ्या पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहिल्या, दोघींच्या प्रॉक्सी सेटिंग वेगळ्या. एकीत भरले म्हणून दुसरीला कळेल असे नाही. मॅकवरही डिग एक सांगते आणि प्रणालीचा स्वतःचा शोध दुसरेच, असे घडते. मालक एक असला तरी दशके एकाहून अधिक असतात. फरक आहे तो संख्येचा आणि उघडेपणाचा. लिनक्सवर वाटण्या जास्त झाल्या, हे मान्य करायलाच हवे. प्रमाणपत्रांचे फोल्डर वितरणागणिक निराळे असायला कोणतेही चांगले कारण मला दिसत नाही. पण त्या वाटण्यांच्या भिंती साध्या मजकुराच्या फायलींनी बांधलेल्या आहेत, वाचता येतात. बंद पेटीत हेच थर असतात, नुसते झाकलेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मग जुने थर काढून का टाकत नाहीत? कारण त्यांच्यावर उभे असलेले प्रोग्राम जिवंत आहेत. रिझॉल्व्ह.कॉन्फ थेट वाचणारे प्रोग्राम इतके आहेत की सिस्टिमडी-रिझॉल्व्हडलाही ती फाइल पुसता आली नाही. त्याला तिच्यात आपलाच आतला पत्ता लिहून ठेवावा लागला, जेणेकरून जुन्या पद्धतीने विचारणाराही शेवटी त्याच्याच दारात यावा. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सला पर्याय म्हणून वेलँड सुरू केले, तरी जुन्या अ‍ॅप्ससाठी त्याच्या कुशीत एक्सचा सर्व्हर ठेवावाच लागला. मागच्या प्रोग्रामला तोडायचे नाही हा कर्नलचा नियम आहे, आणि तो नियम नसता तर तीस वर्षांपूर्वीचे सॉकेटचे कोड आज बहुधा चाललेच नसते. थर साचणे ही त्याच टिकाऊपणाची किंमत आहे. ती महाग आहे की स्वस्त, हे संध्याकाळी सात वाजता मेल अडलेल्या माणसाला विचारले तर उत्तर वेगळे मिळेल, आणि वीस वर्षे एकच प्रोग्राम चालवणाऱ्या प्रयोगशाळेला विचारले तर वेगळे.

तिसरा आक्षेप वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे: त्याने हा इतिहास का घोकावा, प्रणालीनेच सावरून घ्यावे. सावरण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले, आणि दोन्ही बोलके आहेत. २००४ मध्ये रेड हॅटमधून आलेल्या नेटवर्कमॅनेजरने वायफायचा त्रास खरोखर कमी केला. त्याने आणखी एक जबाबदारी घेतली: मशीन ऑनलाइन आहे की नाही हे सर्व अ‍ॅप्सना कळवणे. हेतू चांगला होता. पण ज्याने नेटवर्क हाताने, जुन्या फायलींतून लावले होते त्याच्या मशीनवर नेटवर्कमॅनेजरला काहीच दिसेना, तो ‘ऑफलाइन’ म्हणे, आणि अ‍ॅप हाक मारून पाहण्याआधीच हार मानी. जोडणीची खबर देणारा हाही उत्तर देणारा आणखी एक जण झाला. दुसरा प्रयत्न आयपीव्ही६ च्या निमित्ताने. एका नावाला नवा आणि जुना असे दोन पत्ते मिळू लागले. नव्या पत्त्याचा रस्ता अर्धवट असेल तर अ‍ॅप तिथेच ताटकळे. लिनक्सचा कर्नल हाक पुन्हा पुन्हा मारत सुमारे १२७ सेकंद थांबतो. तेवढ्यात माणूस अ‍ॅप बंद करून मोकळा होतो. २०१२ मध्ये ‘हॅपी आयबॉल्स’ या नावाने उपाय ठरला: दोन्ही पत्त्यांना थोड्या अंतराने हाक मारा, जो आधी बोलेल तो घ्या. ब्राउझरांनी तो उचलला, सगळ्या डेस्कटॉप अ‍ॅप्सनी नाही. परिणामी मोडका आयपीव्ही६ रस्ता ब्राउझरमध्ये जाणवतच नाही आणि शेजारच्या अ‍ॅपमध्ये तो ठार अडतो. एका जागी सावरून घेतले की दुसऱ्या जागी दोष शोधणे कठीण होते, हे इथे स्पष्ट दिसते. जोडणी जमली नाही तर नेमका आकडा आणि नेमका पत्ता दाखवा, एवढी मागणी अ‍ॅप लिहिणाऱ्यांकडे करणे मला या दोन्ही प्रयत्नांपेक्षा व्यवहार्य वाटते. आकडा आणि पत्ता, दोन्ही त्यांच्या हातात कर्नल आणि लायब्ररी आधीच देत असतात.

शोधाची वाट या इतिहासातूनच निघते. अ‍ॅप ज्या वाटेने विचारते त्याच वाटेने विचारायचे: अ‍ॅप मेनूऐवजी टर्मिनलमधून सुरू करून ते काय बडबडते पाहायचे, नाव गेटेन्टने सोडवायचे, त्याच पोर्टवर कर्लने ठोठावायचे, आयपीव्ही४ आणि ६ वेगळे करून, आणि तरी उलगडा झाला नाही तर एसट्रेस लावायचा. अलीकडे या वाटेवर आणखी एक नाका आला आहे. फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीत अ‍ॅप आपल्या लायब्ऱ्या बरोबर घेऊन एका कुंपणात राहते. थरांचा गुंता यातून सुटेल अशी आशा होती, कारण आत सारे एका काळाचे असते. पण कुंपणाबाहेर चाललेली आज्ञा कुंपणाच्या आतले काही सांगत नाही, त्यामुळे तपासायचे तर शेलही आत जाऊन उघडावे लागते. तिथे अ‍ॅपच्या परवानग्यांची यादी मागवली की दोन नोंदी जवळजवळ दिसतात: एक नेटवर्क वापरण्याची मुभा, आणि दुसरी पडद्याच्या सॉकेटची, वेलँडची किंवा एक्सची. पहिली काढून घेतली तर खिडकी उघडते आणि अ‍ॅप ‘जोडणी होऊ शकली नाही’ म्हणते. दुसरी काढून घेतली तर ते म्हणायला खिडकीच उघडत नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ तेवढी उमटते, डिस्प्ले उघडता येत नाही.